जिंतूरचा शेवटचा उन्हाळा

मे महिना लागला की मला घरातल्या वस्तू वेगळ्याच दिसायला लागतात. कपाटाकडं बघितलं की कपाट दिसत नाही, ते दारातून काढताना कुठं अडेल ते दिसतं. लोणच्याची बरणी दिसली की तिच्याभोवती काय गुंडाळावं हे मनात येतं. भिंतीवरचं कॅलेंडर काढल्यावर मागं रंगाचा चौकोन किती उजळ निघेल, याचा अंदाज डोळे आपोआप घेतात. बाकीच्यांना हा महिना आंब्यांचा, लग्नांचा, सुट्ट्यांचा. आम्हा बदलीवाल्यांना तो सुतळीचा आणि पोत्यांचा.

यंदा पुन्हा हुकूम आलाय. मी टेलिफोन खात्यात आहे. परभणीहून नाशिकला जायचंय. बढतीवर बदली आहे, त्यामुळं लोक पेढे मागतात आणि मी हसून देते. पण हुकूम हातात पडला तेव्हा आनंद वगैरे काही झाला नाही. पाय दुखायला लागले. खुर्चीत बसल्या बसल्या, काही न उचलता, पोटऱ्या भरून आल्या.

परभणीचं ऊन यंदा काही औरच आहे. दुपारी रस्त्यावर रिक्षासुद्धा फिरकत नाही. कृषी विद्यापीठाच्या शेतांकडून येणारा वारा तापल्या मातीचा वास घेऊन येतो आणि पंखा तीच हवा खोलीभर फिरवत राहतो. अशा दुपारी माझी माय जमिनीवर पाय पसरून बसते आणि कपबश्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळते. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, गेल्यापासून ती माझ्याकडंच असते. तिची गाठ अजून तशीच घट्ट बसते.

"शालू, घर बघितलं का जावयानं?" परवा तिनं विचारलं. माझा नवरा घर शोधायला पुढं नाशिकला गेला होता.

"बघायलेत."

"मग काय म्हणला घराचा मालक?"

"उद्या सांगतो म्हणला."

हातातल्या बशीची चिंधी मायनं सोडली आणि पुन्हा गुंडाळली. आमच्या घरात या तीन शब्दांचा अर्थ लहान पोरालाही कळतो.

यंदाच्या संक्रांतीला औरंगाबादच्या विद्यापीठाला नाव मिळालं. आमच्या गल्लीत त्या दिवशी ढोल वाजले, गुलाल नव्हे तर निळा रंग उडाला, म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. माय दारातल्या पायरीवर बसून सगळं बघत होती. "मिळालं बाई एकदाचं," ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळानं, "लय वर्षं लागली." नाव मिळायला लागलेल्या त्या वर्षांमध्ये आम्ही किती घरं बदलली, हे तिच्या मनात असावं. माझ्या मनात तर होतंच. आणि त्यातही एकच उन्हाळा पुन्हा पुन्हा वर येत होता, जिंतूर सोडण्याचा.

आण्णा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. गंगाखेड, पाथरी, सेलू आणि मग जिंतूर, असा आमचा प्रवास झाला. दर गावात आण्णा आधी जायचे, खोली ठरवायचे, मग आम्ही ट्रंका-गाठोड्यांसह मागून. मी आणि माझी धाकटी बहीण मंदा, आम्हाला नव्या गावाची गंमत वाटायची. मायला वाटायची नाही. कारण नव्या गावात गेलं की पहिल्या दिवशी सगळे विचारत, कुठून आलात. दुसऱ्या दिवशी विचारत, कोणत्या खात्यात. तिसऱ्या दिवशी कुणीतरी हळूच विचारी, आडनाव काय म्हणालात?

आडनाव सांगितल्यावर समोरच्या माणसाचा चेहरा बदलायचा असं नाही. चेहरा तसाच राहायचा. फक्त तो माणूस अर्धं पाऊल मागं व्हायचा, आणि ते त्याचं त्यालाही कळत नसेल.

पाथरीचा घरमालक गोड बोलायचा. आम्ही राहायला गेलो त्याच दिवशी मायनं आमच्या दोन तसबिरी भिंतीवर लावल्या. एक बुद्धाची. दुसरी कुणाची, हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. मालक भाडं घ्यायला आला, दारातूनच त्यानं भिंतीकडं बघितलं आणि म्हणाला, "कंपाउंडरसाहेब, भिंतीला ओल आलीय. दुरुस्ती काढायचीय. तेवढी खोली खाली करा." तेव्हा वैशाख चालू होता. भिंतीला हात लावला तर पोळत होता.

त्यानंतर माय शहाणी झाली. सेलूला गेलो तेव्हा तसबिरी ट्रंकेच्या तळाला, गोधड्यांच्या खाली राहिल्या. आधी शेजारणींनी हिला ओळखायचं, हिच्या हातचं तिखट मागून न्यायचं, पोरींना हाक मारायची. मग एखाद्या दिवशी तसबिरी वर यायच्या. मधले महिने आम्ही घरात असूनही कुणाकडं तरी पाहुणे असल्यासारखे राहायचो. हळू बोलायचो. मंदानं शाळेतलं गाणं मोठ्यानं म्हटलं तरी माय दाराकडं बघायची.

जिंतूरला मात्र असं काही झालंच नाही. तिथं आम्हाला खाला भेटली.

खाला म्हणजे आमची घरमालकीण. तिचा नवरा पूर्वी टांगा चालवायचा, तो वारला होता. मुलगी लग्न होऊन हिंगोलीकडं गेलेली. मोठ्या अंगणात मागं दोन खोल्या होत्या, त्या ती भाड्यानं द्यायची. अंगणात एक कडुलिंबाचं झाड आणि त्याच्याखाली तिच्या बकऱ्या. आण्णा पहिल्यांदा खोली बघायला गेले तेव्हा तिनं त्यांना एकच प्रश्न विचारला.

"बकऱ्यां से घिन तो नहीं ना करते?"

"नाही," आण्णा म्हणाले.

"फिर आ जाव."

आण्णांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मायला खरं वाटलं नाही. "आणि नाव?" तिनं विचारलं. "नाव न्हाई इचारलं?" आण्णांनी नाही म्हणून मान हलवली. जिंतूरला ज्या दिवशी सामान उतरलं त्याच दिवशी संध्याकाळी मायनं खिळे ठोकले. खाला दारात येऊन उभी राहिली, तसबिरींकडं बघितलं आणि म्हणाली, "जरा टेढी है. बाएं कू सरका."

तीन पावसाळे आम्ही तिथं काढले. मायनं चूल घातली, मातीची, दोन तोंडांची, आणि तिच्यावर इतक्या भाकरी भाजल्या की तिचा काठ काचेसारखा गुळगुळीत झाला. खालाच्या बकऱ्या आमच्या खोलीत येऊन कणीक खायच्या आणि माय त्यांना हाकलताना खालाच्याच भाषेत शिव्या द्यायची. बायका तिच्याकडं मसाला करून न्यायला यायच्या. माझी माय जिंतूरला मोठ्यानं हसायला शिकली. त्याआधी तिचं हसू मी ऐकलं नव्हतं, नुसतं बघितलं होतं.

मग विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. शहरांतून बंद, दगडफेक, एस.टी. बंद. खेड्यांतून त्याहून वाईट बातम्या. मायच्या माहेरच्या गावी वस्तीतली घरं जाळली. तिचा भाऊ बायको-लेकरांना घेऊन शेतातून चालत आमच्याकडं आला, अंगावरच्या कपड्यांनिशी. आमची खोली माणसांनी भरून गेली आणि तरी आवाज नव्हता. मामी बसल्या जागी तांब्या हातात धरून राहायची, पाणी प्यायचंय हे विसरून.

त्या दिवसांत खालानं फारसं काही केलं नाही. म्हणजे बोलून दाखवण्यासारखं काही केलं नाही. सकाळी तिनं आपली बाज उचलली आणि अंगणाच्या फाटकात आडवी टाकली. तिच्यावर बसली, मांडीवर सूप घेतलं आणि जवारी निवडायला लागली. कुणी आलं की मान वर न करता विचारायची, "किधर?" ती जवारी तिनं सगळा आठवडा निवडली. आधीच निवडलेली पुन्हा निवडली. मामा परत गेला तेव्हा तिनं बाज उचलून पुन्हा लिंबाखाली ठेवली.

हे सगळं मी सांगते आहे, कारण त्याशिवाय पुढचा उन्हाळा समजायचा नाही.

पुढच्या वर्षी मी नववीतून दहावीत गेले होते. मे महिन्यात मायनं कुरडया घातल्या. ही साधी गोष्ट नव्हती. आमच्याकडं उन्हाळी कामं मनासारखी कधीच व्हायची नाहीत, कारण पापड-कुरडयांचा आणि बदल्यांचा मोसम एकच. केलेलं सगळं गाड्यातून जाताना मोडायचं. पण त्या वर्षी तिनं गहू भिजवले, चीक शिजवला, आणि खालाच्या माळवदावर धोतर अंथरून कुरडयांच्या रांगाच रांगा घातल्या. मंदा आणि मी काठी घेऊन कावळे राखायला. वरून सगळं जिंतूर दिसायचं, धुळीत बुडालेलं, आणि त्याच्या पलीकडं उन्हानं हलणारे डोंगर. माय घामानं निथळत होती आणि खुशीत होती. यंदा आपण इथंच, असं तिनं मनाशी धरलं होतं.

आण्णा दुपारी घरी आले. ते दुपारी कधी येत नसत. खालूनच त्यांनी हाक मारली, "शालूची माय, खाली ये जरा. औरंगाबाद झालं."

त्यांच्या आवाजात आनंद होता, तो मला अजून आठवतो. औरंगाबाद म्हणजे शहर. कॉलेजं, वाचनालयं, रुंद रस्ते. गंगाखेडपासून आण्णा या शहराची वाट बघत होते. "पोरी कॉलेजात जातील," ते म्हणाले. "आता तालुक्याची गावं बास."

मायनं चिकाचा हात पदराला पुसला. "बरं," म्हणाली, आणि पुन्हा माळवदावर गेली. उरलेला चीक तिनं संपवला. रांग वाकडी झाली तरी सरळ केली नाही.

आण्णा खोली बघायला गेले आणि रिकामे परत आले. ओठ उलून आले होते. "अजून मिळालं न्हाई," एवढंच म्हणाले. पुन्हा गेले, पुन्हा तसेच आले. दुसऱ्या खेपेला मायनं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि विचारलं, "नाव सांगितलं का?"

"सांगावं तर लागतंय की."

"मग?"

"एकानं सांगितलं, भाचा येणारे राहायला. एक म्हणला, उद्या सांगतो. एका ठिकाणी बाईनं चहा ठेवला होता. नाव सांगितलं, तर चहा बाहेर आलाच न्हाई." आण्णा हसायला गेले, पण ओठ उललेले होते, त्यांना हसता आलं नाही. दंगलीला अजून वर्ष झालं नव्हतं. शहरात सगळ्यांच्याच मनात भीती होती आणि भीतीला आडनावं पाठ होती.

तिसऱ्या खेपेला जाण्याआधी आण्णा जेवताना म्हणाले, "दवाखान्यातले एकजण सांगायलेत, गावाचं नाव लावा. जिंतूरकर. लय जण लावतात. कागदोपत्री काही न्हाई, नुसतं मालकाला सांगायपुरतं." ताटाकडं बघत बोलले. माय भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. पण ती भाकरी एका बाजूला जाड झाली, एका बाजूला फाटली.

आण्णा गेले आणि खोली ठरवून आले. चांगली वसाहत, घरात नळ, मुलींची शाळा जवळ. मालकाला ते जिंतूरकर म्हणून फार आवडले होते.

मला ते नाव आवडलं, हे कबूल करायला हरकत नाही. कवितेखाली असतं तसलं नाव. लिंबाखाली पिकल्या लिंबोळ्यांचा सडा पडलेला असायचा. त्यांच्या कडवट-गोड वासात फेऱ्या मारत मी स्वतःची ओळख करून देत होते. "मी शालिनी जिंतूरकर. माझं नाव शालिनी जिंतूरकर."

खाला बकरीचं दूध काढत होती. "ये कौन आई गे नवी?"

"मीच, खाला. औरंगाबादला आमी जिंतूरकर."

खालानं हात थांबवून माझ्याकडं बघितलं. "हौ? मेरा बाप यहीं का, दादा यहीं का. हमना तो कोई जिंतूरकर नहीं बोल्या." आणि पुन्हा दूध काढायला लागली. मला हसू आलं. पण आत चुलीपाशी बसलेली माय हसली नाही, हे मी खिडकीतून बघितलं.

बांधाबांध सुरू झाली. बांधाबांधीचा एक आवाज असतो. दाभण पोत्यातून आरपार जाताना होणारा, सुतळी ओढल्याचा, ट्रंकेचं झाकण बसत नाही म्हणून कुणीतरी त्याच्यावर बसल्याचा. एकेक कोपरा रिकामा होत जातो तसा घरातला आपला आवाज घुमायला लागतो. आधी माणूस बोलतो, मग भिंती तेच बोलतात. मायनं पोती शिवली, भांडी एकात एक बसवली, गोधड्यांची वळकटी केली. रांजण खालाला दिला, कारण रांजण कधीच नेता यायचा नाही. दर गावाला एक रांजण आम्ही ठेवून आलो होतो.

शेवटी भिंतीवर दोन तसबिरी तेवढ्या राहिल्या. ट्रंक उघडीच होती. आण्णा दोरी गुंडाळत होते.

"आवं," माय म्हणाली, "ह्या तळाला ठिवू का वर ठिवू?"

आण्णा दोरी गुंडाळतच राहिले.

"तळाला ठिवायच्या तर किती दिस ऱ्हातील तिथं, ते सांगा. म्हंजी डांबरगोळ्या टाकते. कसर लागंल न्हाई तर."

"काहीतरी बोलू नको."

"काहीतरी न्हाई. जिंतूरकराच्या भिंतीवर ह्या कशा लागतील?" ती उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता. थकलेला होता. "मला सामान बांधायचा कटाळा न्हाई आला. धा गावं बांधंन. पर तिथं गेल्यावर कुणी हाक मारली, जिंतूरकरीणबाई, तर वळून बघायचं ध्यानात ऱ्हायला पायजे. पोरीला ताप आला तर तापातबी ध्यानात ऱ्हायला पायजे. माझा भाऊ आला तर त्येला दारात सांगायचं, तुझं नाव सांगू नको. एवढं न्हाई होणार मला. लय दमले मी."

आण्णांनी दोरी खाली टाकली. मी त्यांना असं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. "मग कुठं नेऊ? वस्तीत नेऊ पोरींना? पत्र्याच्या खोपटात? मी गटारीच्या कडंला जन्मलो. रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकलो. त्यातून बाहेर पडलो ते पुन्हा तिथंच जायला?"

"तुमी बाहेर पडलाव," माय म्हणाली, "का लपायला जायलाव?"

मंदा रडायला लागली. आण्णांनी चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. माय खाली बसली, ट्रंकेला पाठ टेकून. तिनं तसबिरी काढल्या नाहीत आणि ट्रंकही बंद केली नाही.

आण्णा दिवस मावळायच्या आत परत आले. चेहरा उन्हानं काळवंडला होता. कुठं गेले होते ते त्यांनी सांगितलं नाही, पण पायांवरची धूळ गुडघ्यापर्यंत होती. पडवीत बसले. मग मायकडं न बघता म्हणाले, "विद्यापीठाच्या अंगाला वस्ती हाय. तिथं एक ओळखीचा मास्तर राहतो. सकाळच्या गाडीनं जाऊन बघतो. पत्रेच असतील. पाणी बाहेरून आणावं लागंल."

"चालंल," माय म्हणाली.

"तुला चालंल. पोरींना?"

माय उठली आणि तसबिरींवरची धूळ पदरानं पुसायला लागली. आज मला वाटतं, दोघंही खरं बोलत होते, आणि म्हणूनच त्या भांडणात कुणी जिंकलं नाही.

काल नाशिकहून फोन आला. माझा नवरा म्हणाला, घर मिळालं. पहिल्या मालकाचा उद्या अजून उगवलेला नाही. दुसरीकडं सरळ नाही म्हणाले. तिसरीकडं एक निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांनी नाव विचारलं, ऐकलं आणि किल्ली आणायला आत गेल्या. एवढंच. मी फोन ठेवला तर माय समोर उभी.

"सगळं नाव सांगितलं का त्येनं?"

"सगळं सांगितलं."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा कपबश्यांपाशी जाऊन बसली. आनंद झाला का, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मलाही झाला की नाही, सांगता येणार नाही. चांगलं माणूस भेटलं तर त्याचं बरं वाटावं. पण आपल्याला साधं भाड्यानं घर मिळालं याचं इतकं बरं वाटावं, याचाच शीण येतो.

औरंगाबादच्या वस्तीतली ती वर्षं सोपी नव्हती. पावसात पत्रे वाजायचे, तेव्हा अभ्यासाचं वाक्य अर्ध्यावर तुटायचं. मंदाला विषमज्वर झाला आणि तिचे केस गेले, पुन्हा आले ते विरळच. शाळा लांब होती. आण्णा संध्याकाळी मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जायचे आणि पलीकडच्या वसाहतीतले दिवे लागताना बघत उभे राहायचे. एकदा मी त्यांच्यासोबत गेले होते. "तिथं नळ घरात होता," एवढंच म्हणाले. मायवर त्यांनी कधी राग धरला नाही, पण ते घर त्यांनी कधी आपलंही म्हटलं नाही. मी दहावी झाले, पुढं शिकले, नोकरीला लागले. हे सगळं त्या वसाहतीत राहून जास्त चांगलं झालं असतं का? झालंही असतं. या प्रश्नाशी मी फार दिवस झुंजले. आता झुंजत नाही. अशा काही प्रश्नांना माणसानं वयाबरोबर आपल्या घरात एक कोपरा द्यावा.

जिंतूरहून निघालो तो दिवस असा काही गाजावाजाचा नव्हता. कापसाच्या रिकाम्या ट्रकमध्ये सामान चढलं. नेहमीप्रमाणं माय चूल मोडायला गेली. मागं आपली चूल थंड पडून राहू नये, असं तिला वाटायचं. तर खाला आडवी आली. "रहने दे. मेरेकू लगती." खालाच्या घरात रॉकेलचा स्टोव्ह होता, तिला चुलीची गरज नव्हती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माय थांबली. दोघी एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या. मग खाला बकऱ्यांवर खेकसली, उगीचच, आणि पाठ फिरवून आत गेली. ट्रक निघाला तेव्हा ती बाहेर आली नाही.

मंठा गेलं, जालना गेलं. उन्हानं डांबर वितळलं होतं आणि टायरांचा चिकट आवाज येत होता. आम्ही पोरी मागं सामानावर, ताडपत्रीच्या सावलीत. माय पुढं बसली होती. वाटेत एका ठिकाणी थांबलो, चहा झाला, पण तिनं घेतला नाही. नवं गाव जवळ यायला लागलं की तिचा चेहरा दर वेळी जसा व्हायचा तसाच झाला होता, ताठ, दारं लावून घेतल्यासारखा. ती सवय होती. पुढं काय आहे हे माहीत असूनही ती मोडली नव्हती.

ट्रक वस्तीत शिरला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. गल्ली इतकी अरुंद की ट्रक तोंडाशीच थांबवावा लागला. आण्णा उतरले आणि हमाल कुठं मिळतील ते बघायला लागले. तेवढ्यात घराघरांतून बायका बाहेर आल्या. कुणी ओळखीची नव्हती. एकीनं वळकटी डोक्यावर घेतली, दोघींनी ट्रंकेच्या दोन कड्या धरल्या, एका पोरसवदा बाईनं भांड्यांचं पोतं ओढून खाली घेतलं आणि "कुठली खोली, मास्तरांच्या शेजारची ना?" असं म्हणत चालायला लागली. माय खाली उतरून नुसती उभी होती. तिनं पदर सारखा केला. कुणी काही विचारलं तर सांगायला तयार, अशी.

एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. कपाळावर गोंदण, तोंडात दात नाहीत. तिनं मायला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"जेवलाव का गं?" तिनं विचारलं.

मायनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. म्हातारीनं तिचा दंड धरला आणि खोलीत नेलं. भाकरी आली, वरण आलं, कांदा आला. बायका सामान लावायला लागल्या, कुठली ट्रंक कुठं यावरून आपसांत वाद घालायला लागल्या, पत्र्यांवर कावळे नाचत होते, बाहेर नळावर हंडे आदळत होते. एवढ्या गलक्यात माय वळकटीला टेकून बसली आणि अर्धी भाकरी हातात असतानाच झोपली. तोंड किंचित उघडं, पदर डोक्यावरून घसरलेला. आण्णा तिला हाक मारायला वाकले, तर म्हातारीनं काठी आडवी धरली.

"निजू दे तिला," ती म्हणाली. आणि बायकांना, "हळू बोला गं."

कुणीही हळू बोललं नाही. तरी माय दिवस कलेपर्यंत झोपली.